फाउंडेशनची तयारी: लोटा, केळी आणि उत्तरेची खिडकी

एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा चांगल्या ग्रेडने पास झालेली मुलंही बीएफएच्या (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स, म्हणजे चित्रकलेच्या पदवीच्या) पहिल्या वर्षात, म्हणजे फाउंडेशनला, अडखळतात. हात त्यांचा चांगला असतो. सवय मात्र छापील चित्रावरून चित्र काढायची असते, आणि छापील चित्रात मोजमाप, छाया, रंग सगळं आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. म्हणून प्रवेश परीक्षेआधीचे आठ आठवडे समोरच्या खऱ्या वस्तूवरच काम करा. फोटो नको, मोबाइलही नको.

सामान थोडंच लागतं: एचबी, २बी, ४बी आणि ६बी पेन्सिल, पुटी रबर (मळता येणारा मऊ खोडरबर), क्लिप लावलेला ड्रॉइंग बोर्ड आणि पाव इंपिरियल मापाचे (११ × १५ इंच) कार्ट्रिज कागद. वहीच्या कागदावर शेडिंग करू नका. तो गुळगुळीत असल्याने ६बी त्याला नीट धरत नाही, रेघ चकाकते आणि काळेपणा येत नाही.

पहिले तीन आठवडे फक्त पेन्सिल. घरातला पितळी लोटा पाच-सहा फुटांवर ठेवा. बोर्ड जवळजवळ उभा धरा, कारण मांडीवर आडव्या ठेवलेल्या कागदावर चित्राचा वरचा भाग नकळत लांबतो. आता हात कोपरात ताठ करा, एक डोळा मिटा आणि पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत लोट्याच्या पोटाची रुंदी घ्या. तेच माप उभं धरून उंचीत किती वेळा बसतं ते पाहा. सव्वा वेळा आलं तर कागदावरही सव्वाच यायला हवं. कोपर जरा वाकलं की माप बदलतं. बहुतेकांचं मोजमाप चुकतं ते इथेच.

यानंतर लोट्याचं तोंड. गोल तोंड तिरकं दिसतं तेव्हा त्याचा लंबगोल होतो. नवशिके त्याची दोन्ही टोकं लिंबासारखी टोकदार काढतात. लंबगोलाला कोपरा नसतो, टोकाशीही रेघ वळूनच जाते. दुसरी चूक बुडाची: तोंड लंबगोल काढायचं आणि बूड सरळ रेषेत. लोटा नजरेच्या खाली असेल तर बुडाचा लंबगोल तोंडापेक्षा जास्त उघडा दिसतो, कारण बूड नजरेच्या रेषेपासून जास्त दूर असतं. पटत नसेल तर काचेचा पेला डोळ्यांसमोर धरून हळूहळू खाली न्या. कडा आधी सरळ रेषेसारखी दिसेल, मग उघडत जाईल. रोज वीस लंबगोल खांद्यापासून हात फिरवून काढा. नुसत्या मनगटाने काढले तर ते एका बाजूला कलतात.

छायेसाठी उत्तरेची खिडकी निवडा. आपल्याकडे मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. अंगणात ठेवलेल्या वस्तूची सावली तिच्या बुडाशी गोळा होते आणि प्रकाशाचा चढउतार दिसतच नाही. उत्तरेच्या खिडकीतही उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं, म्हणून दहा ते चार ही वेळ धरा. दुसऱ्या खिडक्या बंद ठेवा. दोन बाजूंनी उजेड आला की छाया एकमेकींना खातात.

पितळ चकाकतं आणि गोंधळात टाकतं, म्हणून शेडिंग आधी मातीच्या माठावर करा. डोळे बारीक करून पाचच छटा शोधा: उजळ भाग, मधली छटा, सगळ्यांत गडद पट्टा, त्यापलीकडे जमिनीवरून परतलेला उजेड आणि खाली पडलेली सावली. परतलेला उजेड मधल्या छटेपेक्षा उजळ झाला की माठ पोकळ दिसायला लागतो. बोटाने घासून शेडिंग गुळगुळीत करू नका. घासल्याने सगळ्या छटा एकाच राखाडीत मिसळतात आणि परीक्षकाला हात दिसत नाही.

चौथ्या आठवड्यात रंग. आपल्याकडे यासाठी केळ्यांइतकी चांगली वस्तू नाही. जळगाव जिल्ह्यातल्या केळीच्या पट्ट्यातल्या, रावेर-यावलच्या मुलांना तर हिरव्यापासून काळ्या ठिपक्यांपर्यंतच्या सगळ्या अवस्था घरबसल्या मिळतात. पिवळं गडद करायला काळा घालू नका. पिवळ्यात काळा मिसळला की शेवाळी हिरवा होतो आणि पिकलेलं केळं आजारी दिसतं. यलो ऑकरमध्ये चिमूटभर जांभळा घाला. कच्च्या केळ्याला बाटलीतला तयार हिरवा प्लॅस्टिकसारखा दिसतो. लेमन यलो आणि प्रशियन ब्लू मिसळा, वर नखभर लाल.

पोस्टर कलर आपल्या उन्हाळ्यात पाहता पाहता वाळतो. म्हणून एका भागाला लागेल तेवढा रंग एकदाच कालवा, घट्ट ताकाएवढा. जाड लावला तर गुंडाळताना तडकतो, पातळ लावला तर डाग पडतात. वाळलेल्या रंगावर ओला ब्रश तीन-चारदा फिरवला की खालचा थर विरघळून वर येतो, म्हणून एकदा लावून सोडून द्या.

स्मरणचित्रासाठी आठवडी बाजारात वही घेऊन बसा, दहा-दहा मिनिटांची रेखाटनं करा आणि घरी येऊन तोच प्रसंग न बघता काढा. सपाट जमिनीवर उभं राहून पाहिलं तर तुमच्याच उंचीची उभी माणसं जवळ असोत वा दूर, त्यांची डोकी क्षितिजरेषेच्या, म्हणजे तुमच्या नजरेच्या पातळीच्या, आसपासच येतात. दूरचा माणूस लहान होतो तो पायांच्या बाजूने. एवढं सांभाळलं की गर्दी हवेत तरंगत नाही.

संकल्पचित्राला (डिझाइनला) एकच पथ्य: मोठ्या कागदाला हात लावण्याआधी काडेपेटीएवढ्या दहा चौकटी काढा, प्रत्येकीत काळा, राखाडी, पांढरा एवढ्याच छटा.

शेवटच्या आठवड्यात अजिंठा पाहून या. जळगावहून साधारण ६० किलोमीटर, सोमवारी बंद. पहिल्या लेण्यातल्या भिंतीवर रंगवलेल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाची भुवई, नाक आणि खांदा यांची रेघ कुठे जाड होते, कुठे विरते, ते पाहा. लेण्यात अंधार असतो. डोळे सरावायला पाच मिनिटं द्या, मगच पेन्सिल काढा.