एमिली डिकिन्सनची पत्रे आणि कागदपत्रे मुळातून कशी वाचावीत

एमिली डिकिन्सनच्या कविता वाचून झाल्या की अनेक वाचकांना तिची पत्रे वाचावीशी वाटतात, आणि हाती लागेल तो छापील संग्रह घेऊन ते पहिल्या पानापासून वाचायला बसतात. ही सुरुवात चुकीची नसली तरी अपुरी आहे. १० डिसेंबर १८३० रोजी मॅसॅच्युसेट्समधील ॲम्हर्स्ट येथे जन्मलेली आणि १५ मे १८८६ रोजी त्याच घरात वारलेली ही कवयित्री हयातीत जेमतेम दहाएक कवितांपुरती छापली गेली, तीही निनावी. बाकीचे सारे लेखन तिच्या हस्ताक्षरातच मागे राहिले, त्यामुळे तिच्या बाबतीत छापील पान म्हणजे नेहमीच दुसऱ्या कोणाचा तरी निर्णय असतो. तो निर्णय कोणी, कधी आणि कोणत्या कागदावरून घेतला हे ओळखता येऊ लागले, की ही पत्रे खऱ्या अर्थाने वाचता येतात.

त्यासाठी सर्वांत आधी कागद कोणाकोणाच्या हातांतून गेले ते समजून घ्यावे. एमिलीच्या मृत्यूनंतर धाकटी बहीण लव्हिनिया हिने त्या काळच्या रीतीप्रमाणे तिला आलेली पत्रे जाळून टाकली. मात्र कवितांचा साठा सापडल्यावर तो जाळण्याऐवजी छापून आणण्याचा ध्यास घेतला. हे काम तिने प्रथम भावजय सुझन हिच्याकडे सोपवले आणि सुझनकडून ते रखडल्यावर मेबल लूमिस टॉड या विदुषीकडे दिले. लव्हिनियाचा भाऊ आणि सुझनचा पती असलेल्या ऑस्टिनचे याच मेबलबाईंशी प्रेमसंबंध होते, आणि पुढे जमिनीच्या एका तुकड्यावरून लव्हिनियाने त्यांना कोर्टात खेचले. १८९८ मध्ये निकाल लव्हिनियाच्या बाजूने लागल्यावर मेबलबाईंनी आपल्याकडची हस्तलिखिते पेटीत कुलूपबंद केली, ती कित्येक दशके बाहेर आली नाहीत. हा निव्वळ घरगुती तंटा म्हणून सोडून देता येत नाही, कारण आजची विभागणी त्यातूनच झाली आहे. सुझन आणि तिची मुलगी मार्था डिकिन्सन बियांकी यांच्याकडचे कागद १९५० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात पोहोचले, तर मेबलबाईंकडचे कागद त्यांची मुलगी मिलिसेंट टॉड बिंगम हिने १९५६ मध्ये ॲम्हर्स्ट कॉलेजला दिले. तिसरा महत्त्वाचा साठा बॉस्टन पब्लिक लायब्ररीत आहे: टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन या लेखक-संपादकाला एमिलीने लिहिलेली पत्रे.

घरबसल्या शोध घेणाऱ्याने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१३ मध्ये खुले झालेले ‘एमिली डिकिन्सन आर्काइव्ह’ हे संकेतस्थळ मुख्यतः कवितांच्या हस्तलिखितांसाठी आहे. पत्र हवे असेल तर त्या त्या संस्थेच्या डिजिटल संग्रहात जावे, आणि त्यातही ॲम्हर्स्ट कॉलेजच्या संग्रहापासून सुरुवात करावी, कारण तेथे पत्रे, मसुदे, लिफाफ्यांचे तुकडे आणि कविता एकाच ठिकाणी पाहता येतात.

यानंतर क्रमांकांची सवय करून घ्यावी, नाहीतर दोन अभ्यासकांचे लेख शेजारी ठेवूनही ते एकाच पत्राविषयी बोलत आहेत हे कळत नाही. टॉमस जॉन्सन यांनी १९५५ मध्ये कवितांची तीन खंडांची आवृत्ती काढली आणि १९५८ मध्ये थिओडोरा वॉर्ड यांच्यासह पत्रांचे तीन खंड काढले, ज्यांत १०४९ पत्रे आहेत. संदर्भात ‘एल २६०’ असे दिसले तर ते जॉन्सन यांच्या आवृत्तीतील २६० क्रमांकाचे पत्र समजावे. कवितांसाठी जॉन्सन यांचे ‘जे’ आणि राल्फ फ्रँकलिन यांच्या १९९८ च्या आवृत्तीचे ‘एफआर’ असे दोन क्रम चालतात. ‘बिकॉज आय कुड नॉट स्टॉप फॉर डेथ’ ही कविता एकीकडे जे ७१२ आहे, तर दुसरीकडे एफआर ४७९. २०२४ मध्ये क्रिस्टॅन मिलर आणि डॉमनल मिचेल यांनी संपादित केलेल्या नव्या पत्रसंग्रहात ही संख्या १३०४ वर गेली आहे. सगळीच भर नव्याने सापडलेल्या पत्रांची नाही. कोणाला तरी पाठवलेली कविता, सोबत गद्याची ओळ नसली तरी, पत्रच मानावी अशी भूमिका या संपादकांनी घेतली आहे, आणि ती मला पटते, कारण एमिलीच्या कागदांवर गद्य कोठे संपते आणि कविता कोठे सुरू होते हे पुष्कळदा नजरेने ठरवता येत नाही. हाताशी एकच आवृत्ती ठेवायची असेल तर ही नवी ठेवावी; मात्र जुने लेख समजण्यासाठी जॉन्सन यांचे क्रमांक समासात लिहून घ्यावेत.

आता प्रत्यक्ष एका पत्राकडे वळू. नवख्याने १५ एप्रिल १८६२ चे, हिगिन्सन यांना लिहिलेले पहिले पत्र म्हणजेच एल २६० निवडावे. त्या महिन्याच्या ‘अटलांटिक मंथली’त हिगिन्सन यांचा होतकरू लेखकांना सल्ला देणारा लेख आला होता, तो वाचून एकतीस वर्षांच्या एमिलीने या अनोळखी गृहस्थांना चार कविता पाठवल्या आणि आपली कविता जिवंत आहे का, एवढे सांगायला सवड आहे का, अशी विचारणा केली. छापील पानावर हे पत्र मोजक्या ओळींचे दिसते. कागदासमोर बसल्यावर मात्र आणखी गोष्टी कळतात. पत्राखाली सही नाही. हिगिन्सन यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींनुसार, नाव वेगळ्या कार्डावर पेन्सिलीने लिहून ते कार्ड एका लहान लिफाफ्यात घालून मोठ्या लिफाफ्यात ठेवलेले होते. अक्षराविषयीही त्यांनी गमतीने लिहिले आहे, की ॲम्हर्स्टच्या संग्रहालयात खडकांवर उमटलेले प्राचीन पक्ष्यांचे ठसे आहेत, ते गिरवूनच ही बाई लिहायला शिकली असावी. छापील संग्रहातून पत्र वाचणाऱ्याला सहीचा अभाव एखाद्या तळटिपेत सापडतो. पत्र उघडणाऱ्याला तो आधी जाणवला होता, आणि ज्याच्यासाठी ते लिहिले गेले तो वाचक तोच होता.

पत्र पाहताना आधी छापील मजकूर शेजारी उघडा ठेवू नये. प्रतिमा मोठी करून, जसे दिसेल तसे, ओळीला ओळ ठेवून उतरवून काढावे आणि अडलेल्या शब्दाच्या जागी रिकामी चौकट सोडावी. मोठे अक्षर आणि लहान अक्षर यांतला फरक तिच्या हाती फार पुसट असतो, आडव्या रेघाही सारख्या नसतात. काही वर चढलेल्या, काही खाली उतरलेल्या, तर काही टिंबाएवढ्या छोट्या. आपल्या नकलेत त्या कशा दाखवायच्या याचा एक नियम आधी ठरवावा आणि तो शेवटपर्यंत पाळावा. नक्कल पूर्ण झाल्यावरच छापील संहितेशी ताडून पाहावी. जेथे फरक पडतो तेथे बहुतेक वेळा चूक आपलीच निघते, पण उरलेल्या ठिकाणी संपादकाने काय सरळ केले हे हाती लागते.

कवितांच्या हस्तलिखितांसाठी आणखी एक पायरी आहे. सुमारे १८५८ ते १८६४ या काळात एमिलीने आपल्या कविता दुमडलेल्या ताव-कागदांवर स्वच्छ उतरवून, कडेला भोके पाडून दोऱ्याने बांधल्या; अशा चाळीस पुस्तिकांत आठशेंहून अधिक कविता आहेत. शब्दाशेजारी अधिकचे बारीक चिन्ह दिसले तर पानाच्या तळाशी पाहावे, तेथे तिने पर्यायी शब्द लिहून ठेवलेला असतो आणि पुष्कळदा कोणताही पर्याय खोडलेला नसतो. पहिल्या संपादकांच्या काळात या पुस्तिका सुट्या झाल्या. फ्रँकलिन यांनी भोकांच्या जागा, कागदाचे प्रकार आणि एका पानावरून दुसऱ्यावर उमटलेले डाग जुळवून त्यांचा क्रम पुन्हा लावला आणि १९८१ मध्ये प्रतिमांसह छापला. ‘बिकॉज आय कुड नॉट’ ही कविता १८९० च्या पहिल्या संग्रहात ‘द चॅरियट’ या तिने न दिलेल्या मथळ्याखाली आली आणि तिच्यातले एक कडवेच गाळलेले होते, हे त्या पानाशी ताडून पाहिल्यावर लगेच दिसते.

पत्र आणि कविता एकमेकांना साक्षीदार म्हणून उभी करता येतात, आणि माझ्या मते या कामातला सर्वांत मोठा आनंद तोच आहे. १४ फेब्रुवारी १८६६ रोजी ‘स्प्रिंगफील्ड रिपब्लिकन’ या वृत्तपत्रात तिची सापावरची कविता ‘द स्नेक’ या मथळ्याने छापून आली. त्यानंतर एमिलीने हिगिन्सन यांना लिहिलेल्या पत्रात तक्रार आहे, की ही कविता माझ्याकडून लुबाडली गेली, आणि तिसऱ्या ओळीशी विरामचिन्ह टाकून तिचा घात केला. तिसरी आणि चौथी ओळ एकच होती. हे वाक्य हाती असल्यावर एमिलीला विरामचिन्हांचे सोयरसुतक नव्हते असे म्हणण्याची सोय राहत नाही. कवितेचे हस्तलिखित, वृत्तपत्रातला मजकूर आणि हे पत्र असे तीन कागद एकत्र ठेवून स्वतः तुलना करावी.

तारखा लावणे हे वेगळेच शास्त्र आहे. तरुणपण सरल्यावर एमिली पत्रावर क्वचितच तारीख घालते, आणि लिफाफे पत्रांपासून सुटलेले असल्याने टपालाचा शिक्का मदतीला येईलच असे नाही. त्यामुळे छापील पत्राच्या डोक्यावर ‘सुमारे’ असा शब्द असेल तर तो गांभीर्याने घ्यावा. संपादकांचा मुख्य आधार अक्षर हाच आहे: १८५० च्या दशकात ते तिरके, लहान आणि जोडलेले आहे, १८६० च्या दशकात मोठे होत जाते, आणि शेवटच्या वर्षांत प्रत्येक अक्षर सुटे पडून एका ओळीत मोजकेच शब्द मावतात. शाईवरून पेन्सिलीकडे झालेला बदलही उपयोगी पडतो. १८६४ मध्ये डोळ्यांच्या उपचारासाठी ती केंब्रिजला राहिली होती आणि तेथून हिगिन्सन यांना, डॉक्टरांनी माझी लेखणी काढून घेतली आहे, असे तिने कळवले. कागदाचा छाप आणि जलचिन्ह हाही पुरावा धरतात. १६ जून १८७४ रोजी झालेला वडिलांचा मृत्यू किंवा ऑक्टोबर १८८३ मध्ये झालेला आठ वर्षांच्या पुतण्याचा मृत्यू यांसारख्या घटनांचा उल्लेख आला तर पत्राला एका बाजूची हद्द मिळते. पण फक्त अक्षरावरून दिलेल्या तारखेवर प्रेमप्रकरणाचा किंवा आजारपणाचा मनोरा रचू नये.

पत्रातील विधान कोणापुढे केलेले आहे हेही पाहावे. एप्रिल १८६२ च्या दुसऱ्या पत्रात ती हिगिन्सन यांना सांगते, की या हिवाळ्यापर्यंत मी एखाददुसरीच कविता रचली होती. फ्रँकलिन यांच्या कालक्रमानुसार तोवर तिच्या दोनशेंहून अधिक कविता लिहून झाल्या होत्या. तिला खोटारडी ठरवण्याचे कारण नाही. शिष्या म्हणून पुढे येताना तिने स्वतःला लहान करून घेतले, इतकाच बोध घ्यावा. त्याच वर्षी जुलैमध्ये तिने त्यांना बजावले आहे, की कवितेतला ‘मी’ म्हणजे मी नव्हे, ती कल्पिलेली व्यक्ती आहे. चरित्र लिहू पाहणाऱ्यांनी हे पत्र, एल २६८, टेबलासमोर चिकटवून ठेवायला हरकत नाही.

जे नाही त्याचीही नोंद ठेवावी लागते. तिला आलेली पत्रे मोजकीच शिल्लक राहिल्यामुळे संवादाची एकच बाजू आपल्यापुढे असते. ऑस्टिनला लिहिलेल्या काही पत्रांत सुझनविषयीचा मजकूर खरवडलेला किंवा कापून काढलेला आहे. अशा जागी पत्राचा अर्थ सुरळीत लागत असेल तरी तो लावलेला अर्थ आहे हे विसरू नये. लुईझ आणि फ्रान्सेस नॉरक्रॉस या मावसबहिणींनी तर मूळ पत्रे कोणाला दिलीच नाहीत, निवडक उतारे नकलून दिले. मृत्यूच्या आधी लिहिलेली, ‘कॉल्ड बॅक’ एवढाच निरोप असलेली प्रसिद्ध चिठ्ठी याच बहिणींना उद्देशून आहे. ‘मास्टर’ला उद्देशून लिहिलेले तीन मसुदे ॲम्हर्स्टमध्ये आहेत आणि ते पाठवल्याचा पुरावा नाही. हा मास्टर कोण यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. नवशिक्याने त्या वादात शिरण्यापूर्वी मसुद्यांतली खाडाखोड पाहावी, वाक्य कसे बदलत गेले ते तपासावे. तेथे हाती लागते ते नक्की असते.

टिपण करताना प्रत्येक उताऱ्यापाशी संस्थेचे नाव, हस्तलिखिताचा क्रमांक, छापील आवृत्तीतला क्रमांक आणि प्रतिमा पाहिल्याची तारीख लिहावी. मराठीत अनुवाद करून प्रसिद्ध करण्याचा बेत असेल तर हक्कांचा विचार आधीच करावा. १८९०, १८९१ आणि १८९६ चे कवितासंग्रह आणि १८९४ चा मेबल टॉड यांनी संपादित केलेला पत्रसंग्रह हक्कमुक्त आहेत, पण त्यांतील मजकूर वर सांगितल्याप्रमाणे हात फिरवलेला आहे. जॉन्सन, फ्रँकलिन आणि नवा पत्रसंग्रह यांच्या संहितांबाबत हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेस आपला हक्क सांगते, म्हणून त्यांच्यावरून अनुवाद छापण्यापूर्वी लेखी परवानगी मागावी, आणि हस्तलिखिताची प्रतिमा सोबत द्यायची असल्यास ती ज्या ग्रंथालयाकडे आहे त्याचे नियम स्वतंत्रपणे वाचून घ्यावेत.