रंगवलेल्या जुन्या ट्रॅक्टरला चिरा पडल्यात? या चुका टाळा

खंडेनवमीला ट्रॅक्टरची पूजा असते, म्हणून पाऊस पुरता सरायच्या आधीच रंगाची घाई सुरू होते. हवेत ओल, शेड अर्धी उघडी, आणि पेंटर म्हणतो, "परवा घेऊन जा." दिवाळीपर्यंत बॉनेट चकाकतं. उन्हं तापली की मडगार्डवर पहिली रेघ दिसते आणि मालक रंगाच्या कंपनीला शिव्या घालतो. बी-२७५ असो, झेटर असो की जुनी मॅसी, माझ्या मते बहुतेक वेळा दोष डब्यातल्या रंगाचा नसतो, रंगाखालच्या कामाचा असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चिरेवरूनच पुन्हा रंगाचा हात मारणं. त्याने चीर बुजत नाही. रंग वाळताना आवळतो आणि तीच रेघ, त्याच जागी, थोड्याच दिवसांत परत उमटते. आधी चीर कुठल्या थरातून निघाली ते शोधा.

नुसत्या नजरेनेही बरंच कळतं. बारीक जाळं असेल आणि नखाला काही लागत नसेल, तर भानगड बहुधा वरच्या रंगातच आहे. रेघ लांब, खोल आणि कडा उचललेल्या असतील, तर खाली पुट्टी आहे असं समजा. लहान चुंबक फडक्यात गुंडाळून त्या भागावर फिरवा. जिथे पकड ढिली पडते तिथे पुट्टी जाड. बोल्टच्या भोकापासून किंवा ब्रॅकेटपासून चीर निघाली असेल तर मात्र पत्राच तडकलेला असू शकतो. आपल्याकडे मडगार्ड ही दोन माणसांची बसायची जागा, त्यामुळे हे सर्रास दिसतं. असं असेल तर आधी वेल्डिंग, मग रंग.

खात्री करायची तर चिरेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर घासून रुपयाएवढी जागा उतरती करा. थरांच्या कडा एकाआत एक वर्तुळांसारख्या दिसू लागतात: वरचा लाल, राखाडी प्रायमर, पिवळसर पुट्टी, त्याखाली कधीकाळचा निळा, मग रेड ऑक्साइड आणि शेवटी पत्रा. चीर ज्या वर्तुळापाशी संपते, तिथपर्यंतचं सगळं काढावंच लागतं. दर दसऱ्याला एकेक हात चढवलेल्या बॉनेटवर असे इतके थर निघतात की पत्र्यापर्यंत खरवडण्याला पर्याय नसतो.

दुसरी चूक, खालचा रंग कुठला हे न बघता वर पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे हार्डनर मिसळून पक्का होणारा रंग) मारणं. पांढरी चिंधी एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवून एखाद्या कोपऱ्यात मिनिटभर दाबून धरा. रंग विरघळून चिंधीला आला तर एनसी म्हणजे ड्युको. सुरकुतला किंवा फुगला तर सिंथेटिक इनॅमल. काहीच झालं नाही तर पक्का वाळलेला पीयू. सिंथेटिकवर पीयू मारला की थिनर खालचा थर उचलतो. तिथे एक तर सगळं काढा, नाहीतर पुन्हा सिंथेटिकच मारा.

जाड हात ही तिसरी चूक. वरची साय लगेच धरते आणि आत थिनर अडकून राहतो. दोन-तीन पातळ हात द्या, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या. पुट्टीचंही तेच: पोचा आधी ठोकून काढा, मग दोन-तीन मिलिमीटरच्या आत भरा. हार्डनर डोळ्यांच्या अंदाजाने घालू नका. आणि पॉलिस्टर पुट्टी पाणी लावून घासू नका. ती पाणी शोषते आणि पुढे आतून गंज फुगतो.

इंजिन ब्लॉक आणि गिअरबॉक्सच्या बिडात तेल मुरलेलं असतं. डिझेलच्या फडक्याने पुसलं तर तेलकटपणा तसाच राहतो आणि रंग पोपड्याने सुटतो. डीग्रीझरने धुऊन, शेवटी थिनरने पुसा. सायलेन्सर आणि मॅनिफोल्डवर साधा रंग टिकतच नाही, तिथे उष्णता सोसणारा वेगळा रंग लागतो.

चीर पुट्टीतून गेली असेल तर ती दिसते त्याच्या दोन-तीन इंच पुढपर्यंत पत्रा उघडा करा, कारण टोक बहुधा दिसतं त्यापुढे गेलेलं असतं. गंज काढून त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर, मग पुट्टी, पुन्हा प्रायमर, ४०० नंबरचा कागद आणि रंग. रंग अख्ख्या भागावर मारा. उन्हाने विटलेल्या लालाशी नुसता ठिगळाचा लाल कधी जुळत नाही.

जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो घासताना मास्क लावा आणि मुलांना लांब ठेवा. पीयूच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला बाधतं. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही, फिल्टरचा स्प्रे मास्कच हवा. डिझेल टाकीजवळ हीट गन अजिबात नको.

पीयू पुरता पक्का व्हायला आठवडाभर द्या, सिंथेटिकला त्याहून जास्त. तोवर प्रेशर पंपाने धुणं आणि डिझेलचं फडकं, दोन्ही बंद.