एक आवाज, एक पियानो: जुनी अमेरिकी गाणी रेकॉर्ड करताना

कॅबरे म्हटलं की आपल्याकडे हिंदी सिनेमातला नाच आठवतो. न्यूयॉर्कच्या कॅबरेचं चित्र वेगळं आहे. छोटी खोली, टेबलांभोवती दाटीने बसलेले श्रोते, एक पियानो आणि त्याला टेकून शब्दन् शब्द पोहोचवणारी गायिका. ब्रॉडवे (न्यूयॉर्कची संगीत रंगभूमी) आणि टिन पॅन अ‍ॅली (तिथला जुना गीत-प्रकाशन व्यवसाय) यांची गाणी या खोल्यांनी जिवंत ठेवली. गायिका जोन मॉरिस आणि पियानोवादक विल्यम बोल्कम या जोडीने १९७४ साली ननसच कंपनीसाठी अशा जुन्या गाण्यांची तबकडी केली, तीही फक्त आवाज आणि पियानो यांवर. अशी ध्वनिमुद्रिका करायची असेल तर एक गोष्ट आधी मान्य करा: हे दोन माणसांचं संभाषण आहे. खोली, माइक, संकलन यांबाबतचे सगळे निर्णय त्यावरूनच घ्यायचे.

गाणी आणि हक्क

यातली बरीच गाणी ३२ मात्राखंडांची असतात: आठ-आठच्या चार ओळी, त्यातली तिसरी वेगळ्या चालीची. पण त्याआधी बहुधा एक प्रस्तावना असते, तिला तिकडे ‘व्हर्स’ म्हणतात. जॅझवाले ती सर्रास गाळतात. कॅबरेत ती ठेवाच. कोण, कोणाला, कुठल्या प्रसंगी बोलतंय हे तिथेच कळतं. ती लय सैल सोडून, बोलल्यासारखी म्हणायची आणि मुख्य गाण्याच्या पहिल्या शब्दावर ठेका धरायचा. जॅझ वादकांच्या संक्षिप्त स्वरलिपीच्या पुस्तकांत व्हर्स अनेकदा नसते आणि कॉर्डही (एकत्र वाजणारे स्वरसमूह) बदललेले असतात. म्हणून मूळ छापील शीट म्युझिक, म्हणजे गाण्याची पूर्ण स्वरलिपी, मिळवा.

अमेरिकेत १९२०-३०च्या दशकांतल्या छापील गाण्यांचा स्वामित्वहक्क प्रकाशनापासून जास्तीत जास्त ९५ वर्षं टिकतो. १९२४ साली प्रकाशित झालेलं गाणं १ जानेवारी २०२० रोजी मोकळं झालं. मात्र नंतर कोणी केलेली मांडणी (अरेंजमेंट) किंवा वाढवलेली कडवी मोकळी होत नाहीत. १९३०च्या दशकातल्या बहुतेक गाण्यांना परवाना लागतो. गाणं एकदा अधिकृतपणे ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आलं असेल, तर अमेरिकेत ठरलेला दर भरून ते कोणालाही रेकॉर्ड करता येतं. या परवान्यात आपल्या शैलीप्रमाणे मांडणी करायची मुभा आहे, मूळ चाल किंवा गाण्याचा गाभा बदलायची नाही. व्हिडिओचा परवाना वेगळा घ्यावा लागतो.

पट्टी

छापील पट्टी या शैलीतल्या गायिकांना बहुधा चढी पडते. कॅबरेचं गाणं छातीच्या, बोलक्या आवाजात असतं. न ताणता लागणारा सर्वांत वरचा स्वर शोधा आणि गाण्याचा वरचा स्वर त्याच्या एक पूर्ण स्वर खाली येईल अशी पट्टी धरा. पंचमाइतकं खाली उतरावं लागलं तरी हरकत नाही. पण मग पियानोचा डावा हात गढूळ वाजायला लागतो. मधल्या सीच्या खालच्या सीपेक्षा खाली जवळजवळचे स्वर एकत्र वाजवू नका, तिथे अष्टक किंवा एकटा स्वर पुरतो. उजव्या हाताने गायिकेची चाल गिरवायची नाही. चांगला हार्मोनियमवाला शब्दांच्या जागा मोकळ्या ठेवून मधल्या श्वासात बोलतो, तीच साथ इथे हवी.

खोली आणि माइक

इथे सर्वाधिक चुका होतात. गायिकेला काचेमागच्या बूथमध्ये ठेवलं की आवाज स्वच्छ मिळतो, पण पियानोवादकाला तिचा श्वास दिसत नाही आणि सैल लयीच्या जागा तुटक होतात. दोघांना एकाच खोलीत, समोरासमोर, दोन ते तीन मीटरवर ठेवा.

ग्रँड पियानो आदल्या दिवशी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. सकाळी ट्यून करून घ्या आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा तपासा. एसी चालू-बंद केल्याने हवेतला ओलावा बदलतो आणि सूर सरकतो. झाकण आखूड दांडीवर ठेवा. तारांच्या वर २५-३० सेंटिमीटरवर दोन माइक, त्यांच्यात साधारण ४० सेंटिमीटर अंतर. हातोड्यांच्या फार जवळ गेलात तर टकटक ऐकू येते.

आवाजासाठी फिगर-एट माइक उत्तम. तो समोरून आणि मागून ऐकतो, बाजूंनी जवळजवळ बहिरा असतो. ती बहिरी बाजू पियानोकडे येईल असा वळवा. तोंडापासून २०-३० सेंटिमीटर अंतर आणि मध्ये पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’च्या हवेचा फटका अडवणारी जाळी) ठेवा. तरी पियानो थोडा त्यात शिरणारच. तीन मीटरवरून तो सुमारे ९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. उशिराचा आवाज मोठा झाला की पियानो पोकळ, डब्यातल्यासारखा वाटतो. तपासायला गायिकेला गप्प ठेवून पियानो वाजवा आणि आवाजाचा माइक चालू-बंद करून ऐका. पियानोचा पोत बदलला तर माइक फिरवा, गायिकेची जागा हलवा. ही अर्ध्या तासाची मेहनत नंतरचे दोन दिवस वाचवते. हेडफोन शक्यतो टाळा.

रेकॉर्डिंग २४ बिटवर करा. डिजिटल मीटरवर सर्वांत मोठा आवाज उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. या गाण्यांत कुजबूज आणि खुला आवाज एकाच ओळीत येतात.

टेक आणि जोडकाम

क्लिक ट्रॅक (कानात वाजणारा ठरावीक लयीचा ठोका) वापरू नका. प्रत्येक गाण्याचे तीन पूर्ण टेक (सलग रेकॉर्डिंग) घ्या, पाचाच्या पुढे सहसा शब्द शिळे होतात. दिवसाला तीन-चार गाणी पुरेत. गायक टोनी बेनेट आणि पियानोवादक बिल एव्हान्स यांनी १९७५ साली बर्कलीच्या स्टुडिओत चार दिवसांत नऊ गाणी केली, आणि ते दोघे मुरलेले कलावंत होते.

एकाच खोलीत रेकॉर्ड केल्यावर एकटा बेसूर शब्द ऑटो-ट्यूनने (सूर सरकवणाऱ्या सॉफ्टवेअरने) दुरुस्त होत नाही, कारण त्या माइकमधला पियानोही सरकतो आणि क्षणभर दोन पियानो ऐकू येतात. एखादा शब्द पुन्हा गाऊन चिकटवताही येत नाही. दुरुस्ती म्हणजे दुसऱ्या टेकमधली अख्खी ओळ घेणं, सगळे माइक एकत्र कापून. कापायची जागा: गायिकेच्या श्वासाच्या अलीकडे, पियानोचा पेडल नव्याने दाबला जाण्याच्या ऐन क्षणी. पेडल दाबलेला असताना कापलं तर आधीच्या कॉर्डची शेपटी अचानक तुटते आणि कानाला ठेच लागते. श्वास पुसू नका.

मिश्रण

आवाजाला ८० हर्ट्झखाली कात्री, २:१ कॉम्प्रेशन (मोठा आवाज दाबणं), तेही दोन-तीन डेसिबलच. रिव्हर्ब (खोलीतल्यासारखी घुमणारी आस) दीड सेकंदाच्या आसपास, ३० मिलिसेकंद उशिराने सुरू होणारा. त्यामुळे व्यंजनं कोरडी राहतात. स्ट्रीमिंगसाठी मास्टर (अंतिम प्रत) उणे १६ एलयूएफएसच्या (सरासरी मोठेपणाचं माप) आसपास ठेवा. आणखी मोठा करायला गेलात तर कुजबूज आणि खुला आवाज सारखेच होतात. एलपी काढायची असेल तर एका बाजूला २० मिनिटांच्या आसपास थांबा, आणि आतल्या वर्तुळांत ‘स’ फाटतो म्हणून बाजूच्या शेवटी हळवं, संथ गाणं ठेवा. त्या संथ गाण्याच्या आधी दोन सेकंदांची शांतता पुरते. तसं गाणं मध्येच आलं, तर पुढच्या जलद गाण्याआधी चार सेकंद सोडा, म्हणजे पियानोचा शेवटचा स्वर पूर्ण विरतो.