चुली वेगळ्या ठेवून वायफाय वाढवायचं कसं

लातुरातली एक इमारत घ्या. खाली खत-बियाण्यांचं दुकान, वर नीटची तयारी करणाऱ्या पोरांची अभ्यासिका, मागे जुन्या वाड्यात मालकांचं घर. इंटरनेटची लाइन एकच, पण राउटरवर तीन नेटवर्क वेगळी केलेली: दुकानाचं बिलिंग आणि कॅमेरे व्हीलॅन (त्याच तारांवर नंबर देऊन वेगळं काढलेलं नेटवर्क) 10 वर, अभ्यासिका 20 वर, घर 30 वर. भावाभावांच्या वाटण्या झाल्यावर चुली वेगळ्या आणि विहीर एक, तसा हा कारभार. अडचण अशी की अभ्यासिकेच्या शेवटच्या रांगेत आणि वाड्यात रेंजच पोचत नव्हती.

अशा वेळी पहिला हात जातो तो स्वस्तातल्या रिपीटरकडे. तो घेऊ नका. साध्या रिपीटरला व्हीलॅन कळत नाही, आणि ऐकणं-बोलणं एकाच रेडिओवर करावं लागत असेल तर वेग जवळपास निम्म्यावर येतो. आपल्याला हवा वायरीने जोडायचा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे एपी. एकापेक्षा जास्त एसएसआयडी (फोनवर दिसणारं वायफायचं नाव) आणि प्रत्येकाला वेगळा व्हीलॅन देता येतो ना, एवढं घेण्याआधी विचारून घ्या.

सुरुवात कागदावर करा. व्हीलॅनचा नंबर 1 ते 4094 मधला कुठलाही चालतो, पण मी तोच आकडा आयपीत, म्हणजे यंत्राच्या नेटवर्कमधल्या पत्त्यात, घालतो: 10 साठी 192.168.10, 20 साठी 192.168.20. रात्री अकराला फोन आला की नुसता आयपी ऐकून माणूस कुठल्या नेटवर्कमध्ये बसलाय ते कळतं. एपी आणि स्विचच्या (सगळ्या केबल जिथं येऊन जुळतात ती पेटी) देखभालीसाठी चौथा, 99, वेगळा काढा. राउटरवर तो आधीच तयार करून ठेवा.

मग जागा. फोनवर वायफाय ॲनालायझर टाकून फिरा. सिग्नल उणे 67 डीबीएमच्या आसपास असेल तर उत्तम, उणे 75 च्या खाली गेला की तक्रारी येणारच. आपल्याकडच्या वाड्यांची दगडमातीची भिंत दोन-अडीच फूट जाड असते. 5 गिगाहर्ट्झ तिच्यापुढे हात टेकतं. तेव्हा एपी भिंतीच्या आतल्या बाजूला, माणसं बसतात त्याच खोलीत लावा. पत्र्याचं शेड असेल तर पत्र्याच्या खाली, पण त्याला चिकटवून नको. मे महिन्यात तिथं भाकरी भाजेल.

केबल कॅट 6, शुद्ध तांब्याची. तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, परत करा. स्विचपासून एपीपर्यंत 100 मीटरची मर्यादा. वीज त्याच केबलमधून द्यायची तर एपीला कुठलं पीओई लागतं ते वाचा. 802.3एएफ या पीओई मानकाचा स्विच प्रत्येक पोर्टला 15.4 वॉटपर्यंत देतो आणि आधी समोरच्या यंत्राला विचारून देतो. 24 व्होल्टचं पॅसिव्ह पीओई काही न विचारता वीज सोडतं, म्हणून अदलाबदल करू नका. दोन वेगळ्या इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची तार नेऊ नये. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तरी दोन्हीकडचे पोर्ट जातात. तिथं फायबर टाका.

आता खरी मेख: स्विचचा पोर्ट. निम्म्याहून जास्त घोळ मी इथंच झालेले पाहिलेत. कॅमेऱ्याच्या पोर्टला एकच व्हीलॅन लागतो, अनटॅग्ड (नंबराची चिठ्ठी न लावलेला) 10 आणि पीव्हीआयडीही (चिठ्ठीशिवाय आलेला डेटा कुठल्या व्हीलॅनचा धरायचा तो नंबर) 10. एपीच्या पोर्टवरून मात्र अनेक नेटवर्क एकाच तारेतून जायची असतात, म्हणून प्रत्येकावर टॅग, म्हणजे त्याच्या नंबराची चिठ्ठी. वाड्याच्या पोर्टवर 10 आणि 30 टॅग्ड ठेवले, कारण मालक संध्याकाळी घरी बसून बिलं बघतात. अभ्यासिकेच्या पोर्टवर फक्त 20 टॅग्ड; दुकानाचं नेटवर्क तिथं न्यायचंच कशाला? दोन्हीकडे 99 अनटॅग्ड आणि पीव्हीआयडी 99. राउटरकडे जाणाऱ्या पोर्टवर हे सगळेच व्हीलॅन हवेत, हे विसरलं जातं. मध्ये कुठं साधा, सेटिंग नसलेला स्विच असेल तर तो काढून टाका.

आणि सेव्ह करा. पुष्कळ स्विचमध्ये 'अप्लाय' वेगळं आणि 'सेव्ह' वेगळं असतं. मी एकदा नुसतं अप्लाय करून घरी आलो. दोन दिवसांनी लाइट गेली, इन्व्हर्टरही संपला, आणि सकाळी सातला फोन: "सर, वायफाय दिसायलंय, पण नेट चालंना." पोरांचे फोन 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' वर अडकलेले. स्विच जुन्या सेटिंगवर गेला होता आणि नव्या पोर्टला 20 म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. चूक सगळी माझी.

एपीवर 99 मधला ठरलेला आयपी द्या, पासवर्ड बदला. डीएचसीपी बंद असायला हवं, पत्ते वाटायचं काम राउटरचंच. जुना राउटर एपी म्हणून वापरत असाल तर हे दोनदा तपासा. एसएसआयडीचं नाव, पासवर्ड, सुरक्षेचा प्रकार जुन्या एपीसारखाच हुबेहूब ठेवा, म्हणजे फोन फिरता फिरता स्वतःच एपी बदलतो. प्रत्येक नावाला त्याचा व्हीलॅन जोडा. नावांची गर्दी करू नका. प्रत्येक एसएसआयडी सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःची हाळी देत असतो. 2.4 गिगाहर्ट्झवर शेजारच्या एपींना 1, 6, 11 यांतले वेगवेगळे चॅनल द्या आणि पॉवर मध्यम ठेवा.

तपासताना अभ्यासिकेच्या वायफायवर बसा. आयपी 192.168.20 ने सुरू होतो का? मग तिथून दुकानातल्या कॅमेऱ्याला पिंग करा, म्हणजे हाक मारून बघा. उत्तर आलं तर राउटरच्या फायरवॉलमध्ये 20 कडून 10, 30 आणि 99 कडे जाणारी वाट बंद करायची राहिलीय. एपी कितीही नीट लावला तरी ते काम राउटरचंच. व्हॉट्सॲप कॉल चालू ठेवून अभ्यासिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला.

शेवटी मालकांना सांगून इन्व्हर्टरसकट मेन स्विच बंद करा, पुन्हा चालू करा. पाच मिनिटांनी तिन्ही नावांवर नेट चाललं, की मगच शिडी उचला.