शेजारी देशांनी मिळून एक समुद्र सांभाळायचा तर सुरुवात कुठून करायची

सगळ्यात आधी, सीमेच्या वादाला हात घालू नका. तो वर्षानुवर्षं चालतो आणि तोवर मासे काही कुणासाठी थांबत नाहीत. एम्स नदीच्या मुखाशी जर्मनी आणि नेदरलँड्सची हद्द नेमकी कुठे यावर त्यांचं आजही एकमत नाही, पण १९६० च्या करारात दोघांनी आपापला दावा आपल्यापाशी ठेवला आणि बाकीची कामं सुरू केली.

त्याच किनाऱ्यावरचा वाडन समुद्र बघा. डेन्मार्क, जर्मनी, नेदरलँड्स तिघांचा. ओहोटी लागली की आपल्या खाडीत उघडा पडतो तसाच चिखल, फक्त मैलोन्‌मैल, आणि दरवर्षी एक कोटीच्या आसपास स्थलांतरित पक्षी तिथे पोट भरून पुढे जातात. यांची पहिली मंत्री पातळीवरची बैठक १९७८ ला झाली, १९८२ ला संयुक्त जाहीरनामा आला आणि तो कायद्याने बंधनकारक नव्हता. मला तर हेच शहाणपणाचं वाटतं, कारण पहिल्याच दिवशी कडक करार मागितला की प्रत्येक देशाचे वकील पुढे येतात आणि काम मागे पडतं.

मग एक छोटं का होईना, सामाईक ऑफिस काढा. या तीन देशांनी १९८७ ला जर्मनीतल्या विल्हेल्म्सहाफेनला काढलं, खर्च तिघांचा.

आता खरं महत्त्वाचं, मोजणी. एकत्र करा, एकाच पद्धतीने करा आणि शक्यतो एकाच वेळी करा. वाडन समुद्रातले सील, म्हणजे पाण्यात राहणारे पण किनाऱ्यावर येणारे सस्तन प्राणी, ओहोटीला वाळूच्या दांड्यांवर येऊन पडतात, तेव्हाच वरून विमानातून मोजता येतात, पिल्लं जूनमध्ये आणि अंगावरचे जुने केस गाळायला आलेले मोठे ऑगस्टमध्ये, आणि तारखा तिन्ही देश जुळवून घेतात, नाहीतर आज इकडे मोजलेला सील उद्या पलीकडे परत मोजला जाणार आणि मग आकडा कुणाचा खरा यावरच भांडण. १९८८ ला विषाणूची साथ आली आणि इथले निम्म्याहून जास्त सील गेले, तेव्हा एकट्या देशाने काही होणार नाही हे सगळ्यांना कळलं, १९९० ला सीलसाठी करार झाला आणि हा मात्र बंधनकारक. म्हणजे आधी सवय लागली, मग कायदा आला.

मासेमारी असेल तर बंदीच्या तारखा जुळवा, याला पर्याय नाही. बंगालच्या उपसागरात आपली पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून आणि बांगलादेशची २० मे ते २३ जुलै, त्यामुळे त्यांच्या होड्या किनाऱ्याला बांधलेल्या असताना आपली बंदी उठलेली असायची, तिकडच्या कोळ्यांची तक्रार हीच होती की आम्ही उपाशी बसायचं आणि मासा दुसऱ्याने न्यायचा. २०२५ पासून बांगलादेशने १५ एप्रिल ते ११ जून केली. आपल्याकडे पावसाळ्यात होडी वर ओढून बसणाऱ्या कुणालाही विचारा, शेजारच्या बंदराची बोट आत गेलेली दिसली की कसं होतं ते.

म्हणून तारखा ठरवायच्या बैठकीत दोन्हीकडचे कोळी पहिल्या दिवसापासून बसवा, अधिकाऱ्यांच्या मागे खुर्ची टाकून नाही, टेबलाशी.