हाडं ठिसूळ झालीत? मग या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते. साठीतली आई बाथरूममध्ये घसरते, मनगट मोडतं, प्लास्टर घालतात, निघालं की विषय संपला. अहो, नुसतं उभ्या उभ्या पडून हाड मोडतंय म्हणजे हाडच कमजोर झालंय, तेव्हाच ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराची, तपासणी करायला हवी, नाहीतर पुढचं फ्रॅक्चर खुब्याचं होऊ शकतं आणि मग माणूस अंथरुणाला खिळतो. मणक्याचं फ्रॅक्चर तर खूपदा कळतही नाही, पाठ दुखते, घरचे वात समजून तेल चोळत बसतात आणि हळूहळू पोक येतं, उंची कमी होते. असं दिसलं तर एक्स-रे काढाच.

रक्तात कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून निवांत राहू नका, कारण कमी पडलं तर शरीर हाडातून ओढून रक्तातलं प्रमाण सांभाळतं. खरी टेस्ट डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन, कंबर आणि खुब्याचा. त्यात टी-स्कोर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करून काढलेला आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असला की ऑस्टिओपोरोसिस. शिबिरात टाचेला मशीन लावून देतात तो फक्त अंदाज, त्यावर औषध सुरू करू नका.

कारण न शोधणं ही पण चूकच. दमा किंवा संधिवातासाठी तीन महिन्यांहून जास्त स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना हाडांचं विचारा. कमी वयात गर्भपिशवीबरोबर अंडाशयही काढले असतील तर हाडांची झीज लवकर सुरू होते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा विषय २०१९ मध्ये एवढा गाजला, पण त्यांच्या हाडांचं पुढे काय, हे कोणी विचारतंय का?

६०,००० युनिटची व्हिटॅमिन डीची पुडी आठवड्याला एक, ठराविक आठवडेच घ्यायची असते. शेजारणीचं बघून वर्षभर घेत राहिलात तर रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होऊ शकतो. आणि नुसत्या कॅल्शियमच्या गोळीने ऑस्टिओपोरोसिस बरा होत नाही, नाचणी, दूध, तीळ जरूर खा, पण हाडांची झीज रोखणारं औषध वेगळं लागतं.

त्यातली अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबतच घ्यायची, चहा-दूध नाही, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. दात काढायचा असेल तर आधी डेंटिस्टला या औषधाबद्दल सांगा.

झीज रोखणारं दुसरं औषध, डेनोसुमॅबचं इंजेक्शन, चालू असेल तर ते दर सहा महिन्यांनी असतं, बरं वाटतंय म्हणून किंवा पैसे वाचवायला मधेच सोडू नका!! सोडल्यावर झीज वेगाने परत येते आणि एकदम दोन-तीन मणके दबल्याच्या केसेस होतात. परवडत नसेल तर तारीख चुकायच्या आधी डॉक्टरांशी बोला, ते दुसऱ्या औषधावर आणून देतात.