मोरोक्कोची पहिली वारी : फेझच्या जुन्या शहरात कसे शिरावे

व्हिसा, विमानाचे तिकीट आणि परदेशात चालणारे एटीएम कार्ड यांची व्यवस्था वाचकाने केली आहे, असे मी धरून चालतो. सामानात ड्रोन नेऊ नये, कारण मोरोक्कोत ते आणण्यास बंदी आहे आणि विमानतळावरच काढून घेतले जाते. दिरहॅम हे चलन देशाबाहेर सहसा मिळत नाही. त्यामुळे उतरल्यावर एटीएममधून पैसे काढावेत आणि पहिल्याच दुकानात एखादी मोठी नोट मोडून सुट्टी नाणी खिशात ठेवावीत.

मुंबईहून दुबई किंवा दोहामार्गे कासाब्लांकाला पोहोचणारा प्रवासी त्याच दिवशी फेझ गाठायला निघतो, ही पहिली चूक होय. रेल्वेने हा प्रवास साधारण चार तासांचा आहे, आणि विमानतळावरचे सोपस्कार उरकून निघाल्यास फेझला पोहोचेपर्यंत बहुधा अंधार पडतो. त्यापेक्षा पहिली रात्र कासाब्लांकात काढावी आणि सकाळी कासा-व्हॉयाजर स्थानकातून फेझची गाडी पकडावी. फेझ स्थानकाबाहेर लाल रंगाच्या छोट्या टॅक्सी मिळतात. त्यांत तीनच प्रवासी बसवतात. मीटर सुरू करण्यास सांगावे आणि रात्री आठनंतर दर दीडपट होतो, हे लक्षात ठेवावे.

खरी कसोटी यापुढे आहे. फेझ एल-बाली, म्हणजे तटबंदीच्या आतले जुने शहर, 1981 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्यात हजारो बोळ आहेत आणि मोटार एकाही बोळात शिरत नाही. काही बोळ इतके अरुंद असतात की समोरून माणूस आला तर अंग चोरून भिंतीला टेकावे लागते. दोन्ही बाजूंच्या भिंती उंच असल्यामुळे फोनवरचा नकाशा भलतीकडेच उभे असल्याचे दाखवतो. ‘मदिन्यात, म्हणजे अशा जुन्या शहरात, हरवण्यातच मजा आहे’ हा सल्ला सर्वत्र वाचायला मिळतो आणि तो देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. मोकळ्या हातांनी, दुसऱ्या दिवशी, उजेडी हरवण्यास माझी हरकत नाही. पहिल्या संध्याकाळी बॅगा ओढत हरवणे ही निव्वळ फरफट असते.

मी ती भोगली आहे. पहिल्या खेपेस आई बरोबर होती आणि आम्ही रात्री नऊच्या सुमारास बाब बुजलूद या निळ्या वेशीपाशी उतरलो. एक तरुण पुढे आला, ‘ती वाट बंद आहे’ म्हणाला आणि आम्हाला घेऊन निघाला. अर्धा तास पायऱ्या चढउतार करून आईचा गुडघा सुजला. आमच्या मुक्कामाच्या घराच्या दारात पोहोचल्यावर त्याच्यासोबत आणखी दोघे उभे राहिले आणि तिघांनीही पैसे मागितले. सकाळी पाहिले, तर ते घर वेशीपासून चार मिनिटांवर होते. आईला त्या बोळांतून फिरवल्याचे मला आजही वाईट वाटते, म्हणून पुढचे तपशील नीट वाचावेत.

राहण्यासाठी घेतलेल्या रियादला, म्हणजे आपल्या वाड्यासारख्या मध्ये चौक असलेल्या घराला, पत्ता विचारू नये, कारण त्याचा उपयोग नसतो. मोटार जास्तीत जास्त कुठपर्यंत येते, हे विचारावे. उत्तर बहुधा बाब बुजलूद, बाथा, ऐन अझ्लितेन किंवा र्सीफ यांपैकी एक असते, आणि टॅक्सीवाल्याला तेवढे एकच नाव सांगावे. ठरल्या वेळी तिथे रियादचा माणूस आणि सामानासाठी हातगाडीवाला हमाल हजर राहील, असे आदल्या दिवशी लेखी कळवून घ्यावे आणि हमालीचा आकडाही तेव्हाच ठरवावा. ही हमाली वाचवू नये. माणूस आला नसेल, तर तिथल्या चहाच्या दुकानात बसून फोन करावा. स्वतः होऊन मदतीस येणाऱ्याच्या मागे एक पाऊलही जाऊ नये. ‘ला, शुक्रान’, म्हणजे ‘नको, धन्यवाद’, असे एकदाच, शांतपणे म्हणावे आणि पुढे संभाषण वाढवू नये.

आत शिरल्यावर जमिनीचा उतार वाचावा, कारण तो फोनपेक्षा विश्वासू आहे. बाब बुजलूद उंचावर आहे. तिथून तलआ कबीरा आणि तलआ सघीरा हे दोन मुख्य रस्ते करवियिन मशिदीच्या दिशेने उतरत जातात. तलआ म्हणजे चढण, तेव्हा नावातच दिशा सांगितलेली आहे. यांपैकी एखादा रस्ता सापडला की चढत राहिल्यास वेस येते. उतरून र्सीफच्या चौकात पोहोचल्यास टॅक्सी मिळते. दुकाने आहेत आणि ओझ्याची खेचरे ये-जा करत आहेत, तो बोळ पुढे कुठे तरी निघतो. दुकाने संपली, आवाज विरला आणि केवळ बंद दारे उरली, तर ती बहुधा ‘दर्ब’, म्हणजे पुढे बंद असलेली गल्ली असते, तिथून मागे फिरावे. मागून ‘बालाक!’ अशी हाक आली, तर वळून न पाहता भिंतीला टेकावे, कारण ती खेचराला वाट देण्याची सूचना असते. वाट विचारायचीच झाल्यास दुकानात बसलेल्या माणसाला विचारावी, कारण तो गल्ला सोडून तुमच्याबरोबर येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा दिवस अधिकृत ओळखपत्र असलेला मार्गदर्शक रियादमार्फतच घ्यावा आणि दुकानांत नेऊ नये, असे आधीच बजावावे. करवियिन मशीद 859 मध्ये स्थापन झाली. मुस्लिमेतरांना आत प्रवेश नाही, दारातूनच पाहावे. बू इनानिया मदरसा मात्र आत जाऊन पाहता येतो. शुआराचा चामडे कमावण्याचा कारखाना भोवतालच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्चीवरून दिसतो. कातडी मऊ करण्यासाठी कबुतरांची विष्ठा वापरतात, त्यामुळे वास उग्र असतो. हातात दिलेली पुदिन्याची काडी नाकाशी धरावी. वर गेलात म्हणून खरेदी करण्याचे बंधन नाही.

शाकाहारी वाचकांनी भाज्यांचा कुसकुस, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या कण्यांचा पदार्थ, मागवताना रस्सा मांसाचा आहे का, हे विचारावे, कारण बहुधा तो असतो. सुक्या बाकल्याची, म्हणजे मोठ्या वालासारख्या कडधान्याची, दाट आमटी बिसारा, वांग्या-टोमॅटोचे झालूक आणि आपल्या घडीच्या पोळीची आठवण करून देणारा म्सेमेन यांवर माझी आई आठवडाभर आनंदाने राहिली.

निघण्याची गाडी पहाटेची असेल, तर हमालाला आदल्या रात्रीच सांगून ठेवावे. त्या वेळी दुकाने बंद असतात आणि वाट विचारायला कोणीही भेटत नाही.